टिपलेले डाव आणि पहिल्या दहा खेळ्या

आमच्या आजोबांच्या पडवीत बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, शेतीची लावणी आटोपली, की दुपारपासून दिवेलागणीपर्यंत डावावर डाव चालत. आजोबा चांगले खेळत, असे गावातली म्हातारी माणसे अजून सांगतात. प्याद्याने मात केल्याखेरीज त्यांना जिंकल्याचे समाधान नसे, असेही सांगतात. त्यांच्या मागे आम्हांस त्यांची एक जुनी वही मिळाली. तीत नारळ किती उतरले, सुपारी कोणास दिली, कौले शाकारावयास काय खर्च आला, हे सारे तारीखवार आहे. डाव मात्र एकही नाही. एवढी वर्षे खेळलेल्या माणसाची एक खेळीसुद्धा आज आपणांस पटावर मांडून पाहता येत नाही.

ही उणीव एकट्या आमच्या घरची नव्हे. बुद्धिबळ आपल्या देशात जन्मले हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांचा भर डावांवर नसे, कोड्यांवर असे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतावरून इंग्रजीत उतरवलेला बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईस छापला गेला. त्यात मुख्यत्वे ठराविक मांडण्या आहेत : अशी मोहरी असता मात कशी करावी. मांडण्या सुंदर आहेत. पण ती मांडणी डावात आली कशी, पहिले प्यादे कोणते हलले, हे त्यांवरून समजत नाही. डावाचा शेवट शिकविणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. आरंभ शिकावयाचा, तर पहिल्या खेळीपासून लिहिलेला डावच हाती लागतो.

आज हा विषय बोलावयास घेण्याचे कारण असे. आपल्या सिंधुदुर्गातली शाळेतली मुले हल्ली स्पर्धांना कोल्हापूर-सांगलीस जातात, पुण्या-मुंबईस जातात. मुले हुशार असतात, पुढच्या तीन-चार खेळ्या बिनचूक पाहतात, आणि तरीही पहिल्या बारा-पंधरा खेळ्यांत डाव गमावून परत येतात. पालक म्हणतात, ‘आमच्याकडे शिकवणारे नाहीत.’ ते काही अंशी खरे आहे. परंतु ज्या गावात शिक्षक नाही त्या गावातही टिपलेले डाव पोचतात, आणि ते कसे वाचावे हे कळले तर पुष्कळ काम होते.

प्रथम आरंभ म्हणजे काय ते पाहू. दशावतार पाहणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावणे सोपे आहे. दशावतारात आधी गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येतो. हा भाग ठरलेला. त्यानंतर आख्यान सुरू झाले की नट आपल्या बुद्धीने संवाद रचतो. बुद्धिबळाचा आरंभही असाच बराचसा ठरलेला, आणि पुढचे आख्यान खेळणाऱ्याच्या बुद्धीवर. मात्र एक फरक आहे व तो मोठा आहे. संकासुराने काही बोलले तरी पुढचे आख्यान बदलत नाही. बुद्धिबळात मात्र चौथ्या खेळीस प्यादे एक घर इकडे की तिकडे, यावर पुढचे सारे आख्यान ठरते.

हा फरक न ओळखल्यामुळे पाठांतराचा रोग जडतो. आम्हीही त्यातून गेलो आहोत. तरुणपणी एका स्पर्धेस जाण्यापूर्वी आम्ही एका आरंभाच्या बारा खेळ्या तोंडपाठ केल्या. समोर एक शाळकरी मुलगा बसला होता. त्याने पाचव्या खेळीसच पुस्तकात नसलेली खेळी केली. ती खेळी वाईट होती हे आज आम्हांस कळते. पण ती वाईट का, हे त्या दिवशी कळले नाही, कारण पुस्तकातली खेळी चांगली का, हेच आम्ही कधी विचारले नव्हते. विसाव्या खेळीस आम्ही हात मिळवून उठलो.

हे ‘का’ टिपलेल्या डावांत सापडते. आरंभाच्या पुस्तकात खेळ्यांची यादी असते आणि शेवटी ‘पांढऱ्याचा डाव किंचित बरा’ असा निकाल असतो. तो बरा कसा, हे पुढच्या तीस खेळ्या पाहिल्यावाचून समजत नाही.

एक उदाहरण नीट, पट समोर घेऊन पाहण्यासारखे आहे. पटाच्या उभ्या रांगांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे, ही हल्लीची सर्वमान्य पद्धत होय. पांढरा ई४, काळा ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा घोडा सी६. पांढऱ्याचा उंट बी५. हा रुई लोपेझ या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या नावाचा आरंभ. काळा ए६ खेळून उंटास विचारतो, ‘घेतोस की जातोस?’ नवशिक्याला वाटते, उंटाने सी६ वरचा घोडा मारावा, काळ्याने डी-प्याद्याने उंट घ्यावा, आणि मग ई५ वरचे प्यादे फुकट घ्यावे. ते फुकट नाही. घोड्याने ई५ घेतले की काळा वजीर डी४ वर येतो. तेथून तो घोड्यावरही मारा करतो आणि ई४ च्या प्याद्यावरही. प्यादे परत जाते आणि काळ्याचा वजीर मध्यभागी येतो.

तर मग घोडा मारण्यात काय हशील? येथे पुस्तकाची यादी मुकी होते आणि डाव बोलू लागतो. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत अंतिम फेऱ्यांत इमान्युएल लास्कर हा जगज्जेता गुणांत मागे होता आणि पुढे होता तरुण कापाब्लांका. लास्करला विजय हवा होता. अशा वेळी त्याने घोडा मारण्याचीच ही चाल निवडली, जी सर्वजण शांत आणि बरोबरीकडे झुकणारी समजत. पाचव्या खेळीस त्याने डी४ केले, प्याद्यांची मारामारी झाली आणि सातव्या खेळीस दोन्ही वजीर पटावरून गेले. बघणाऱ्यांस नवल वाटले असेल.

आता प्यादी मोजा. राजाच्या बाजूस पांढऱ्याची चार, काळ्याची तीन. वजिराच्या बाजूस काळ्याची चार, पांढऱ्याची तीन. पण काळ्याच्या चारांपैकी दोन एकामागे एक सी रांगेत अडकलेली. म्हणजे पांढरा आपल्या चारांतून एक प्यादे मोकळे काढू शकतो, काळ्यास ते कठीण. सारी मोहरी गेली आणि केवळ राजे व प्यादी उरली, तर पांढऱ्याचा डाव जिंकलेला. याचा मोबदला म्हणून काळ्याजवळ दोन उंट आहेत, आणि मोकळ्या पटावर दोन उंटांचे बळ फार. आरंभाच्या चौथ्या खेळीस जो सौदा झाला तो हा होता. लास्करने बाराव्या खेळीस एफ५ केले. आपले ई-प्यादे मागे ठेवणारी आणि काळ्यास ई५ हे घर देणारी ही खेळी नियमांच्या पुस्तकाप्रमाणे सदोष. परंतु तिने काळ्याच्या उंटाची वाट अडली, आणि सोळाव्या खेळीस पांढऱ्याचा घोडा ई६ वर जाऊन बसला, तो हलता हलेना. कापाब्लांका हरला आणि लास्करने स्पर्धा अर्ध्या गुणाने जिंकली.

पुढे ही चाल पुष्कळ वर्षे मागे पडली. १९६६ साली हवाना येथील ऑलिम्पियाडमध्ये बॉबी फिशरने ती पुन्हा काढली. मात्र पाचव्या खेळीस डी४ ऐवजी त्याने आधी किल्लेकोट केला. वजिरांची मारामारी लगेच न करता ई५ वरच्या प्याद्यावर खराच दाब आणावयाचा, हा त्यातला हेतू. ग्लिगोरिच आणि पोर्टिश यांच्यासारखे कसलेले खेळाडू त्यापुढे हरले. हे दोन काळ शेजारी ठेवून पाहिले की एकच सौदा दोघांनी दोन रीतींनी कसा वसूल केला ते दिसते. ज्याने हे पाहिले त्याला पाचव्या खेळीस प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित काही केले तरी प्यादी मोजावयाची असतात एवढे ठाऊक असते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यास वकिली करीत असे. त्याला कलकत्त्याजवळच्या खेड्यातला महेशचंद्र बंदोपाध्याय नावाचा एक खेळाडू भेटला. महेशचंद्र देशी रीतीने खेळत आलेला. देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले; त्यामुळे सैन्य हळूहळू रचावयाचे आणि मग भिडावयाचे, अशी आपल्या जुन्या खेळाडूंची सवय. ती युरोपीय नियम पत्करल्यावरही महेशचंद्राच्या हातात राहिली असावी. १८५५ साली कॉक्रेनविरुद्ध काळी मोहरी घेऊन त्याने घोडा एफ६, प्यादे जी६, प्यादे डी५, आणि मग उंट जी७ असे खेळले. मध्य पांढऱ्यास घेऊ द्यावयाचा, आणि दुरून, कोपऱ्यातल्या उंटाने व सी५ च्या प्याद्याने तो पोखरावयाचा, असा तो बेत. १९२२ साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्र्युनफेल्डने हाच बेत मोठ्या स्पर्धांत आणला, त्याने अलेखिनला हरविले, आणि तेव्हापासून जग त्यास ग्र्युनफेल्डचा बचाव म्हणते. मधली वर्षे सदुसष्ट.

कॉक्रेनबरोबरचे डाव टिपले गेले म्हणून महेशचंद्राचे नाव राहिले. त्याच्या आधी त्याच्या खेड्यात त्याला ज्यांनी शिकविले, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

आणि या डावाची आणखी एक गोष्ट अभ्यासूने लक्षात घ्यावी : महेशचंद्र हा डाव हरला. निकाल पाहून आरंभाची किंमत करणारा मनुष्य येथे म्हणेल, ‘बचाव कुचकामी.’ परंतु खेळ्या एकेक करून पाहा. अकराव्या खेळीस काळ्याचा उंट जी४ वर आला आहे, सर्व हलकी मोहरी बाहेर आहेत, राजा सुरक्षित आहे. काळ्यास तक्रारीस जागा नाही. घात नंतर झाला. हल्ली संगणकातल्या संग्रहावर अमुक आरंभात पांढरा इतके टक्के जिंकला असे आकडे दिसतात, आणि मुले त्या आकड्यांवरून आरंभ निवडतात. आम्हांस हे बाजारात केवळ वजनावरून मासा घेण्यासारखे वाटते. डाव कोठे फिरला हे पाहिल्यावाचून निकालास अर्थ नाही.

मीर सुलतान खानाचीही आठवण येथे करावयास हवी. पंजाबातला हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्याबरोबर १९२९ साली इंग्लंडास गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. पुढे १९३२ व १९३३ सालीही त्याने ते जिंकले. तोही देशी खेळातून आलेला. युरोपीय आरंभांचा अभ्यास ही त्याची कच्ची बाजू, असे सर्वजण म्हणत. ते खोटे नव्हे. कित्येक डावांत तो आरंभी अडचणीत येई आणि मग डावाच्या उत्तरार्धात आपल्या विलक्षण बळाने बाहेर पडे. परंतु १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकास हरविले, त्या डावाची पाचवी खेळी पाहा : प्यादे ए३. पटाच्या कडेचे प्यादे एक घर. उगीच वेळ घालविल्यासारखी दिसते. तिचा अर्थ असा की सी३ वरच्या आपल्या घोड्यास काळ्याच्या उंटाने बी४ वरून बांधू नये. तो घोडा मोकळा राहिला तर डी५ आणि ई४ या मधल्या घरांवर आपला शब्द चालतो. पुढे हीच रचना पेट्रोशियनच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत कास्पारोव्हने तिच्या जोरावर अनेक डाव जिंकले.

पेट्रोशियनच्या क्रमात ए३ चौथ्या खेळीस येते, सुलतान खानाच्या डावात पाचव्या; पण पुढे दोन्ही डावांत पटावर तीच मांडणी उभी राहते. म्हणून डाव शोधताना खेळ्यांच्या क्रमावर न जाता मांडणीवर जावे. नावाने शोधणाऱ्यास सुलतान खानाचा डाव कदाचित सापडणारही नाही.

आता प्रत्यक्ष रीत. आमची रीत धीमी आहे आणि ज्यांना महिन्याभरात फळ हवे त्यांच्या उपयोगाची नाही.

पांढऱ्याकडून एक आरंभ आणि काळ्याकडून ई४ व डी४ यांना एकेक उत्तर, इतकेच निवडावे. मग तो आरंभ आयुष्यभर खेळणारा एखादा मोठा खेळाडू शोधावा आणि त्याचे वीस-पंचवीस डाव घ्यावेत. हे एकाच माणसाचे असावेत, कारण त्यांत एकच बुद्धी एकाच प्रश्नाशी वर्षानुवर्षे झगडताना दिसते. केव्हा तो मत बदलतो, केव्हा जुन्या खेळीवर परत येतो, हे कळते. डाव लाकडी पटावर, हाताने मोहरी उचलून खेळावा. भ्रमणध्वनीच्या काचेवर बोटाने डाव सरकविला की मिनिटात चाळीस खेळ्या होतात आणि मनात एकही राहत नाही. सातव्या-आठव्या खेळीनंतर पुढच्या खेळ्या कागदाने झाकाव्यात, आपण काय खेळलो असतो ते लिहावे, आणि मग कागद एक ओळ खाली सरकवावा. आपली खेळी आणि त्याची खेळी निराळी निघाली, की तेथे थांबावे. टीप असल्यास ती यानंतर वाचावी, आधी नव्हे.

वहीत आम्ही प्रत्येक डावास एक पान देतो, आणि त्यावर खेळ्यांपेक्षा घरे लिहितो : पंधराव्या खेळीस राजाकडचा उंट कोठे होता, हत्ती कोणत्या रांगेत आला, कोणते प्यादे कोणत्या प्याद्यास भिडले, कोणत्या मोहऱ्याची मारामारी त्याला हवी होती आणि कोणत्याची नको होती. दहा पाने झाली की काही घरे पुन्हा पुन्हा येऊ लागतात. तोच त्या आरंभाचा खरा नकाशा होय.

हरलेले डाव वगळू नयेत. मालवणच्या बंदरात होडी आणणाऱ्या तांडेलास पाण्याखालचे खडक पाठ असतात. ते खडक कोणाच्या तरी होडीस लागले म्हणूनच ठाऊक झालेले असतात. ज्या डावात आपला आवडता खेळाडू आपल्याच आरंभात चिरडला गेला, तो डाव वहीत तांबड्या शाईने लिहावा. प्रतिस्पर्धी तोच डाव पाहून येणार आहे.

पूर्वी अडचण डाव मिळण्याची होती. १९५३ च्या झ्युरिक स्पर्धेत पंधरा खेळाडू एकमेकांशी दोनदा खेळले. ते सारे २१० डाव ब्रॉन्स्टाइनने टीपांसह पुस्तकात दिले. तसे एखादे पुस्तक गावात एकाजवळ असले तर ते हातोहात फिरून त्याची पाने सुटत. १९६६ पासून बेलग्रेडहून ‘इन्फॉर्मेटर’ निघू लागला. त्यातल्या टीपा शब्दांत नसून चिन्हांत, म्हणून कोणत्याही भाषेच्या माणसास वाचता येत. आज संगणकात लाखो डाव आहेत. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिची प्रत्येक खेळी देवगडातल्या मुलास त्याच क्षणी पाहता येत होती. अडचण आता निवडीची आहे. लाख डावांतून पंचवीस वेगळे काढावयाचे आणि उरलेल्यांकडे पाठ फिरवावयाची, हे मुलांना जड जाते.

संगणक चूक दाखवितो, आणि बहुधा बरोबर दाखवितो. त्याला सगळ्यांत शेवटी विचारावे. त्याने दाखविलेली खेळी आपणांस समजली नाही, तर ती स्पर्धेत खेळू नये. समजलेली दुय्यम खेळी आम्ही न समजलेल्या उत्तम खेळीपेक्षा अधिक मोलाची धरतो. यावर मतभेद होईल, होवो.

राहिला प्रश्न स्वतःच्या डावांचा. स्पर्धेत प्रत्येकाने खेळ्या लिहावयाच्या असा नियमच आहे. आमच्या वेळचे शिक्षक सांगत, आधी लिहा, मग खेळा, म्हणजे पुन्हा एकदा विचार होतो. हल्लीच्या नियमांत ते चालत नाही. आधी खेळावयाचे, मग लिहावयाचे. पण पुष्कळ मुले तो कागद डाव संपताच चुरगळतात, विशेषतः हरल्यावर. तो घरी आणावा, वहीतल्या डावांशेजारी ठेवावा आणि आपण कितव्या खेळीस वाट सोडली त्यावर खूण करावी. आठ-दहा कागद झाले की बहुतेकांस असे दिसते की आपण दरवेळी निराळ्या ठिकाणी चुकत नाही. एकाच तऱ्हेच्या मांडणीत, एकाच कारणाने चुकतो. आमचे स्वतःचे कारण असे निघाले की मध्य बंद असताना आम्हांस कडेचे प्यादे पुढे ढकलण्याचा मोह आवरत नसे.

आणि मित्रांमधले, पडवीतले डावही लिहावेत. दोघे खेळत असता तिसरा बसलेला असतोच, आणि त्याच्या जिभेस विसावा नसतो. त्याच्या हाती वही द्यावी. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की पट निघतातच. यंदाच्या सुटीत आमच्या आळीत आम्ही हे सुरू केले आहे. दोनशे पानी वही आहे, चौदा डाव झाले आहेत, त्यांपैकी तीन वाचता येत नाहीत, कारण लिहिणाऱ्याने घोडा आणि हत्ती या दोघांसही ‘ह’ असे लिहिले आहे.